व्होल्टाची चळत

अठराव्या शतकात वीज होती, पण टिकत नव्हती. काचेचा गोळा घासून मिळालेला विद्युतभार लायडेन बरणीत साठवायचा आणि तार जोडली की एक ठिणगी, एक सणसणीत झटका, बरणी रिकामी! वाहत राहणारी वीज कुणी हाताळलीच नव्हती.

बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानींना मेलेल्या बेडकाचे पाय दोन धातूंच्या स्पर्शाने आखडताना दिसले. वीज प्राण्याच्या शरीरातच असते, असं त्यांनी १७९१ मध्ये मांडलं. पाव्हियाच्या अलेस्सांद्रो व्होल्टांना ते पटेना. त्यांनी बेडकाऐवजी स्वतःची जीभ वापरली. कथलाचा वर्ख आणि चांदीचं नाणं जिभेवर ठेवून एकमेकांना टेकवलं की आंबट चव येते. म्हणजे वीज दोन वेगळ्या धातूंच्या जोडीतून येते आणि ओला बेडूक फक्त तिची जाणीव करून देतो, असा त्यांचा निष्कर्ष. (प्राण्यांच्या नसांत वीज असतेच, हे पुढे सिद्ध झालं. गॅल्व्हानी अगदीच चुकले नव्हते.)

एका जोडीची वीज जेमतेम, म्हणून व्होल्टांनी जोड्या एकावर एक रचल्या. चांदी, जस्त, खारट पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, पुन्हा चांदी, जस्त, पुठ्ठा. नाण्यांची चळतच. २० मार्च १८०० च्या पत्रात त्यांनी ती लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना कळवली. त्याच वर्षी निकल्सन आणि कार्लाइल यांनी अशा चळतीच्या तारा पाण्यात बुडवून पाण्याचं विघटन केलं.

घरी करायची तर तांब्याच्या पत्र्याच्या चकत्या आणि जस्ताचा मुलामा दिलेले वॉशर घ्या. तांबं पॉलिश पेपरने घासा. वॉशर मात्र घासू नका, मुलामा जाऊन लोखंड उघडं पडतं. अर्धा कप पाण्यात दोन चमचे मीठ घालून पुठ्ठे भिजवा आणि नीट निथळू द्या. तांबं, पुठ्ठा, जस्त हा एक घट. त्याच्या जस्तावर पुढच्या घटाचं तांबं थेट ठेवायचं. एका घटातून साधारण पाऊण व्होल्ट मिळतो, चार-पाच घटांवर लाल एलईडी मिणमिणतो. त्याचा लांब पाय तांब्याच्या टोकाला लावा.

पेटला नाही तर आधी चळतीच्या कडा पुसा. वरच्या वजनाने पुठ्ठ्यातलं पाणी पिळून निघतं, कडेवरून किंवा वॉशरच्या भोकातून खालच्या घटाला मिळतं आणि वीज आतल्या आतच जिरते. व्होल्टांच्या उंच चळतीलाही हेच दुखणं होतं. त्यांचा दुसरा प्रकार, खारट पाण्याच्या पेल्यांची ओळ, यातून सुटतो. थोड्या वेळाने एलईडी मंदावतो, त्याचं कारण वेगळं. तांब्यावर हायड्रोजनचे बुडबुडे चिकटतात आणि प्रवाहाला अडवतात. जॉन डॅनियल यांनी १८३६ मध्ये तांब्याभोवती मोरचुदाचं द्रावण ठेवलं, तेव्हा हायड्रोजनऐवजी तांबंच साचू लागलं आणि प्रवाह स्थिर झाला.

चळत उकलली की जस्तावर पांढरट थर दिसतो. वीज येते ती या झिजण्यातून. व्होल्टांना मात्र धातूंचा नुसता स्पर्श पुरेसा वाटे. त्यामुळे चांदी-जस्ताची कोरडी जोडी हाच त्यांचा एकक. त्यांच्या रचनेत तळाची चांदी आणि माथ्याचं जस्त यांच्या पलीकडे ओला पुठ्ठाच नाही. या दोन चकत्या नुसत्या तारेचं काम करतात आणि धन टोक जस्ताकडे असल्याचा भास होतो. त्या काढून टाकल्या तरी चळत तितकीच चालते.