जातोर

जातोर ही तिबेटी बौद्धांची अंत्यविधीची प्रथा. मृतदेह डोंगरावरच्या ठरलेल्या जागी नेऊन गिधाडांना खाऊ घालतात. मराठीत तिला ‘आकाशदफन’ म्हणतात खरे, पण त्यात दफन कुठेच नाही. तिबेटी भाषेत ‘जा’ म्हणजे पक्षी आणि ‘तोर’ म्हणजे उधळणे. पाखरांना घातलेला घास, हाच तिचा नेमका अर्थ.

पठारावरची जमीन खडकाळ, वर्षातले कित्येक महिने गोठलेली, आणि सरणाला लाकूड मिळणे कठीण. एवढ्यावरून प्रथेचा उलगडा झाला असे मात्र समजू नये. चैतन्य निघून गेलेला देह भुकेल्या जीवाच्या मुखी जावा, हे माणसाचे शेवटचे दान. भुकेल्या वाघिणीला स्वतःचा देह देणाऱ्या बोधिसत्त्वाची कथा तिबेटी घरांत आजही सांगतात. मुंबईच्या डुंगरवाडीतला पारशी विधी वरवर असाच दिसतो, पण तिथला हेतू पृथ्वी, अग्नी आणि पाणी विटाळू नये हा आहे.

देह काही दिवस घरीच ठेवतात. लामा मंत्रपठण करतात. मग पहाटे तो पांढऱ्या कापडात, गुडघे पोटाशी घेऊन बांधलेला, ‘दुरत्रो’वर म्हणजे स्मशानभूमीवर पोचतो. जुनिपरच्या डहाळ्यांचा धूर वर चढला की गिधाडे जमू लागतात. देहाचे तुकडे करणाऱ्याला ‘रोग्याप’ म्हणतात. नुसती हाडे मागे उरू नयेत म्हणून तो ती दगडाने कुटून त्यांत त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ, कालवतो. काहीच उरले नाही तर शुभ. रडारड टाळतात, तिने जाणाऱ्याचा पाय अडतो, अशी समजूत आहे.

चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीच्या (१९६६–७६) काळात हा विधी बंद पाडला गेला. १९८०च्या दशकात तो पुन्हा सुरू झाला.

ल्हासाच्या ईशान्येला ११७९ साली स्थापन झालेल्या द्रिकुंग थील मठाजवळचे दुरत्रो फार पवित्र मानतात. बोधगयेजवळच्या प्राचीन शीतवन स्मशानाशी त्याचे नाते सांगितले जाते. कैलास परिक्रमेतल्या ‘शिवात्साल’ या जागेचे नावही शीतवनावरूनच आले आहे. आपल्याकडचे यात्रेकरू ते शंकराशी जोडतात. डोल्मा-ला खिंडीच्या चढावर, दगडांत विखुरलेल्या जुन्या कपड्यांवरून ही जागा ओळखू येते. भाविक इथे अंगावरचे एखादे वस्त्र किंवा केसांची बट ठेवतात. काही जण दगडांवर क्षणभर मेल्यासारखे निजतात, आणि उठून खिंडीकडे चालू लागतात.