अदार दोन, मग पुरीम कुठल्या अदारात?

ज्यू कॅलेंडरमध्ये काही वर्षी अदार महिना दोनदा दिसतो आणि हमखास गोंधळ होतो, कारण अदारच्या 14 ला पुरीम, म्हणजे हामानच्या कटातून ज्यू वाचले त्याचा सण, एवढं डोक्यात असतं, मग काय दोनदा करायचा? तर नाही, पुरीम दुसऱ्या अदारात.

धोंड्याचा महिना माहीत असलेल्याला हे पटकन कळतं. चंद्राचे बारा महिने 354 दिवसांचे, सूर्याचं वर्ष 365 चं, दरवर्षी 11 दिवस कमी पडतात, आणि पेसाह, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा सण, तर वसंतातच आला पाहिजे ही तोराची, त्यांच्या धर्मग्रंथाची आज्ञा, म्हणून 19 वर्षांत 7 वेळा एक महिना जास्तीचा. आपला अधिक कधी श्रावण कधी ज्येष्ठ, त्यांचा कायम अदारच. जास्तीचा म्हणजे पहिला, अदार रिशोन, 30 दिवसांचा. दुसरा अदार शेनी, 29 चा, आणि आपण निज महिन्यात सण करतो तसं खरं पुरीम यात: राणी एस्तेरची मेगिला, म्हणजे या सुटकेच्या गोष्टीची पोथी वाचायची, त्यात ज्यूंच्या जिवावर उठलेल्या हामानचं नाव आलं की पोरं खुळखुळे वाजवून नुसता कल्ला करतात, गरिबांना दान, मित्रांकडे खाऊ. हामानच्या तावडीतून सुटका आणि पेसाहची सुटका लागोपाठ याव्यात म्हणून दुसरा, असं तालमूद हा त्यांचा धर्मचर्चेचा ग्रंथ सांगतो. पहिल्या अदारच्या 14 ला फक्त पुरीम काटान, म्हणजे छोटा पुरीम, त्यात मेगिला नाही, जरा बरं जेवायचं बस.

बाकी आपल्या अधिकात लग्नकार्य बंद, इकडे अदार लागला की आनंद वाढवा म्हणतात!

खरी गंमत बार मित्झ्वाची, म्हणजे मुलगा तेरा वर्षांचा झाला की करतात त्या विधीची. 2024 मध्ये एक मुलगा पहिल्या अदारच्या 25 ला जन्मला, म्हणजे 5 मार्चला, दुसरा दुसऱ्या अदारच्या 5 ला, 15 मार्चला. 2037 मध्ये अदार एकच, त्यामुळे 5 तारीख आधी येणार आणि दहा दिवसांनी लहान असलेला वीस दिवस आधी तेरा वर्षांचा होणार. मला हे कागदावर मांडल्याशिवाय पटलं नव्हतं. साध्या वर्षीच्या अदारात कुणी वारलं असेल तर दोन अदारांच्या वर्षात त्याची तिथी कुठल्या अदारात धरायची यावर तर एकमत नाहीच, अश्केनाझींचा (मध्य आणि पूर्व युरोपातले ज्यू) रिवाज पहिल्याचा, सेफार्डींचा (मूळचे स्पेन-पोर्तुगालचे ज्यू) दुसऱ्याचा.

आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्राएल, पुरीमला होळीचा सण म्हणायचे, आणि 2024 ला खरंच होळी आणि पुरीम एकाच दिवशी, 24 मार्चला. आता पुढचे दोन अदार 2027 ला, छोटा पुरीम 21 फेब्रुवारी, खरा 23 मार्च.