सुट्या भागांतून जुळलेल्या गाडीची कुळकथा

नाशिकमध्ये एखादी बसकी, उघडी, दोनच सीटची गाडी सिग्नलला थांबली की शेजारचा दुचाकीवाला आधी किंमत विचारतो आणि मग विचारतो, "घरी बनवली का?" प्रश्न अगदी योग्य आहे. महाराष्ट्रात अशी गाडी दिसलीच तर ती अलिबागजवळ बनलेली चिंकारा रोडस्टर असण्याची शक्यता बरीच, आणि चिंकाराचा आकार थेट १९५७ च्या लोटस सेव्हनवरून आलेला आहे. घरी जोडता यावी म्हणूनच तो आकार जन्माला आला.

ही पार्श्वभूमी लिहिण्यामागे एक कारण आहे. या गाड्या ज्यांच्याकडे आहेत ते बिघाडांनी हैराण होतात. ट्रॅफिकमध्ये गाडी हीट होते, एक इंडिकेटर लावला की दुसरा दिवा मंद होतो, मागच्या अ‍ॅक्सलमधून ऑइल झिरपतं. नेहमीच्या गाड्यांची सवय असलेला मेकॅनिक पार्ट बदलत सुटतो आणि दोष तिथेच राहतो. माझं ठाम मत आहे की यातले बहुतेक बिघाड पार्टचे नसतात. ही गाडी ज्या परिस्थितीत घडली त्या परिस्थितीचे ते असतात. इतिहास कळला की दोष कुठे शोधायचा हेही कळतं.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये झाली. नव्या गाड्या मिळत नव्हत्या, पेट्रोलवर रेशन होतं, पण युद्धात यंत्रांची ओळख झालेली तरुण पिढी हाताशी होती. जुन्या ऑस्टिन सेव्हन या छोट्या गाडीचे सांगाडे घेऊन त्यावर स्वतःची बॉडी चढवायची आणि शर्यतीत उतरायचं, हा उद्योग ७५० मोटर क्लबच्या आश्रयाने फोफावला. लंडनमध्ये इंजिनिअरिंग शिकलेल्या कॉलिन चॅपमनने आपली पहिली गाडी १९४८ मध्ये अशाच ऑस्टिन सेव्हनवर बांधली. १९५२ मध्ये त्याने लोटस इंजिनिअरिंग सुरू केली आणि मार्क सिक्स या गाडीचा नळ्यांचा सांगाडा विकायला काढला. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल ज्याचं त्याने जमवायचं.

खरा जोर मिळाला तो करामुळे. ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर जबर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर, म्हणजे किटवर, तो लागत नव्हता. अट एवढीच की गाडी ग्राहकाने स्वतः जोडायची. लोटस सेव्हन या फटीतूनच लोकप्रिय झाली. जोडणीच्या सूचना सोबत दिल्या तर कर लागू होईल म्हणून कंपनीने गाडी *खोलण्याच्या* सूचना दिल्या आणि ग्राहकाने त्या उलट्या क्रमाने वाचल्या, असा किस्सा आजही सांगितला जातो.

वजन सुमारे पाचशे किलो. नळ्यांचा वेल्ड केलेला सांगाडा आणि त्यावर रिव्हेट मारलेला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. ओझरच्या विमान कारखान्यात ज्यांनी आयुष्य घालवलं त्यांना ही बांधणी समजावून सांगावी लागणार नाही. पत्रा नुसता झाकण्यासाठी नसतो, तोही भार उचलतो. म्हणून अशा गाडीत रिव्हेट सैल झाले की नुसता खडखडाट होत नाही, गाडी वळणावर वेगळी वागू लागते.

बाकी सगळे अवयव इतर गाड्यांकडून आले. १९६० च्या दुसऱ्या मालिकेत पुढच्या चाकांचे अपराइट, म्हणजे चाक धरून ठेवणारे उभे भाग, ट्रायम्फ हेरल्डचे होते आणि मागचा अ‍ॅक्सल स्टँडर्ड कंपनीच्या एका साध्या कुटुंबी गाडीचा. या अ‍ॅक्सलची गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. मूळ गाडीत तो पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर निवांत बसलेला असायचा. चॅपमनने वजन वाचवण्यासाठी त्याला एका त्रिकोणी आर्मने थेट डिफरन्शिअलच्या, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याच्या, बुडाशी पकडलं. त्यामुळे वळणाचा आणि ब्रेकचा भार अशा कवचावर आला, जे त्यासाठी बनलंच नव्हतं. कवचाला तडे जायचे, ऑइल गळायचं. लोक ऑइल सील बदलत राहायचे. दोष सीलमध्ये नव्हता, भार कुठून जातो त्यात होता. पुढे १९६८ च्या तिसऱ्या मालिकेत फोर्डचा दणकट अ‍ॅक्सल आला.

१ एप्रिल १९७३ ला ब्रिटनमध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि किटची सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क आपल्याच विक्रेत्याला, कॅटरहॅमला, दिले. कॅटरहॅमने १९७४ पासून तिसऱ्या मालिकेचीच गाडी पुढे चालू ठेवली आणि ती आजही बनते. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या ब्रिटिश शिक्षकाने भंगारातल्या फोर्ड एस्कॉर्टवरून सेव्हनसारखी गाडी घरच्या घरी कशी बांधायची हे मापांसकट लिहून छापलं, आणि 'लोकॉस्ट' नावाची चळवळच उभी राहिली.

आता आपल्याकडे वळू. पेट्यांतून आलेली गाडी जोडणं आपल्याला मुळीच परकं नव्हतं. महिंद्राची मोटारींतली सुरुवातच मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग जोडण्यापासून झाली, आणि आज ज्या सातपूरच्या कारखान्यामुळे नाशिकच्या हजारो घरांत मोटारीची भाषा बोलली जाते तो त्याच कंपनीचा. पण १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवलं की ज्यांच्याकडे देशात उत्पादन करण्याचा आराखडा नाही त्यांनी नुसती जोडणी करू नये. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. ब्रिटनमधल्या कायद्याने घरच्या जोडणीला वाट करून दिली, आपल्या कायद्याने ती बंद केली. याच काळात इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' ही छोटी गाडी स्वतःच्या हिकमतीवर बांधली, एकामागून एक नमुने सुधारले, पण ती उत्पादनापर्यंत पोहोचू शकली नाही. हे मला आजही बोचतं.

फायबरच्या बॉडीची सिपानी डॉल्फिन १९८० च्या दशकात बंगळुरूहून आली, तिचा मूळ आराखडा ब्रिटनच्या रिलायंट किटनचा. नव्वदीच्या अखेरीस बंगळुरूचीच सॅन स्टॉर्म आली, रेनोचं छोटं इंजिन आणि फायबरची बॉडी असलेली. आणि मग चिंकारा. तिच्यात बसवलेलं इसुझूचं १.८ लिटर इंजिन हिंदुस्तान मोटर्सच्या अ‍ॅम्बेसेडर आणि कॉन्टेसामध्ये होतं. कॉन्टेसा थांबून दोन दशकं उलटली, अ‍ॅम्बेसेडर २०१४ मध्ये थांबली. म्हणजे चिंकाराचा पार्ट शोधायचा तर चिंकारा हे नाव विसरून जुन्या टॅक्सीवाल्यांच्या दुकानात अ‍ॅम्बेसेडर १८०० आयएसझेडचा पार्ट मागायचा. किट कारच्या मालकाला आपल्या गाडीचा प्रत्येक अवयव कुणाच्या घरून आला ते पाठ असलं पाहिजे.

या पार्श्वभूमीवर नेहमीच्या तक्रारी पाहिल्या की त्यांचा उलगडा होतो. वायरिंगचं घ्या. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंग असते, म्हणजे वीज तिच्यातूनच बॅटरीकडे परत जाते, दिव्याची एक वायर जवळच्या पत्र्याला लावली की झालं. फायबरमधून वीज परत जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला, पंख्याला, पंपाला वेगळी अर्थिंगची वायर लागते आणि त्या सगळ्या एखाद्या बोल्टवर येऊन मिळतात. तो बोल्ट गंजला की विजेला सरळ वाट राहत नाही, ती दुसऱ्याच दिव्यातून वाट काढते. इंडिकेटर लावल्यावर टेललाइट लुकलुकण्याचं रहस्य इथे आहे. बल्ब बदलण्याआधी तो बोल्ट खोलून घासावा, इंजिन ते सांगाडा आणि सांगाडा ते बॅटरी या जाड पट्ट्याही तपासाव्यात. नाशिकच्या पावसाळ्यानंतर हे काम दरवर्षी करावं.

हीट होण्यामागे गाडीचा बसका आकार आहे. बॉनेट इतकं खाली की रेडिएटर इंजिनपेक्षा खाली येतो, आणि पाणी भरताना हवा वर इंजिनमध्ये अडकते. काटा अचानक चढतो, अचानक उतरतो. अशा वेळी थर्मोस्टॅट काढून फेकणं हा चुकीचा उपाय. गाडी पूर्ण थंड असताना पुढची बाजू जॅकवर उचलून, हीटरचा किंवा वरच्या पाइपचा क्लिप सैल करून हवा काढली पाहिजे. द्वारका चौकातल्या कोंडीत फक्त पंखाच मदतीला असतो, म्हणून त्याचा स्विच आणि रिले आधी तपासावा.

पेट्रोलबद्दल थोडं सविस्तर, कारण हा प्रश्न नवा आहे. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, चिरतात, आणि उघड्या इंजिनाच्या गाडीत गळणारं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरपासून फार लांब नसतं. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्याच बसवाव्यात, यात काटकसर नको. शिवाय जुन्या कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोंडं, शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने निवडलेले असतात, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं, गाडी मिसिंग करते, पिकअप जातो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे, इथली विरळ हवा मिश्रण किंचित घट्ट करते, पण तेवढ्याने भरपाई होत नाही. त्यामुळे कसारा घाट उतरून मुंबईकडे गेल्यावर गाडी आणखी अडखळत असेल तर प्लग आधी पाहावेत. पांढरे पडले असतील तर जेट बदलायची वेळ आली.

टायरमधल्या हवेची चूक तर जवळजवळ सगळेच करतात. पंपावरचा मुलगा सवयीने तीस-बत्तीस भरतो. पाचशे किलोच्या गाडीला अठरा-वीस पुरते. जास्त हवा भरली की टायर मधोमधच टेकतो, गाडी खड्ड्यावर उडते आणि मालक शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलायला निघतो. आधी हवा कमी करून त्याच रस्त्यावर पुन्हा चालवून पाहावं. चेंबरचीही, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचीही, काळजी घ्यावी, कारण तो सांगाड्याच्या खाली लोंबतो आणि आपल्याकडचे गतिरोधक कुठल्या मापाचे असतील ते सांगता येत नाही. तिरकं, एकेक चाक चढवत जावं.

हे सगळं जमलं की मिळणारं सुख शब्दांत सांगणं मला अवघड जातं. त्र्यंबकेश्वराहून पहिनेमार्गे घोटीकडे जाणारा रस्ता, पावसाळा नुकताच सरलेला, सकाळची वेळ. ताशी पन्नासलाच पुरेसा वेग वाटतो, स्टिअरिंगमधून डांबराची जात कळते, आणि उगाच ताकदीची हाव उरत नाही. पेठ रस्त्यावरचा सावळघाट याहूनही सुंदर, फक्त कांद्याच्या आणि द्राक्षांच्या गाड्या भरून येत असतील तेव्हा तिथे घाई करू नये. इतक्या खालची गाडी ट्रकवाल्याला आरशात दिसतच नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीपत्रातल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. नवा नमुना रस्त्यावर आणायचा तर पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेची मान्यता लागते, आणि तो खर्च कारखान्याच्या आवाक्यातला आहे, एकट्या माणसाच्या नाही. म्हणून जुनी किट कार घेताना रंग, टायर, आवाज सगळं नंतर. आधी आरसी हातात घेऊन चासी आणि इंजिन नंबर स्वतः पडताळावा. इंजिन बदललेलं असून कागदावर जुनंच असेल तर ती गाडी सोडून द्यावी.

ब्रिटनने १९९८ मध्ये एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देण्याची पद्धत सुरू केली, २००९ मध्ये ती आणखी कडक केली. ब्रेक, दिवे, धूर, टोकदार कडा, सगळं तपासतात, आणि पास झालेली गाडी नोंदवतात. आपल्याकडे अशी तपासणी सुरू झाली तर काय होईल याचा विचार नाशिकच्या माणसाने नक्की करावा. कॅटरहॅमने २०१३ पासून आपल्या सर्वात लहान गाडीत सुझुकीचं ६६० सीसी इंजिन बसवलं आणि मागचा अ‍ॅक्सलही सुझुकीचाच. आपल्याकडे ओम्नी आणि ईको या मागच्या चाकांवर चालणाऱ्या मारुती गल्लोगल्ली आहेत. अंबड आणि सातपूरच्या एमआयडीसीत लेझर कटिंग, नळ्या वाकवणं, टिग वेल्डिंग, पावडर कोटिंग हे सारं काही किलोमीटरच्या आत होतं, आणि इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं स्पर्धांसाठी नळ्यांचे सांगाडे बांधतही आहेत. स्पर्धा संपली की त्या गाड्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये परत येतात आणि तिथून रस्त्यावर जायला त्यांना आज कोणताही अर्ज उपलब्ध नाही.