खंजिरी, डफडं, टिमकी: एका सतरंजीवर येईपर्यंत

विदर्भातल्या खेड्यांत आता शाळेच्या स्नेहसंमेलनात खंजिरी, ढोलकी, डफडं, टिमकी अशी वाद्यं एका ओळीत मांडून वाजवायची हौस दिसते. ऐकायला झकास वाटतं. पण ही वाद्यं एका सतरंजीवर यायला बराच काळ जावा लागला. कोणतं वाद्य कोणी, कुठे आणि कोणासाठी वाजवायचं, हे गावानं आधीच ठरवून टाकलेलं होतं.

डफडंच घ्या, म्हणजे कातडं ताणलेलं, काड्यांनी वाजवायचं चपटं वाद्य. लग्न, मयत, पोळा, कशालाही ते लागायचंच. पोळा येतो श्रावण अमावास्येला, हवेत ओल असते आणि कातडं सैल पडतं. म्हणून तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहण्याआधी वाजवणारे बाजूला पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, पेटवून डफडं शेकतात. मधूनमधून टिचकी मारून पाहायचं, खणखणीत बोललं की उठायचं. एका हातात आखूड जाड काडी, दुसऱ्यात लांब बारीक. जाडीनं ठेका धरायचा, बारकीनं मधल्या जागा भरायच्या. कोणी झडती, म्हणजे पोळ्याचं पारंपरिक कवन, म्हणू लागला की डफडं दम खातं आणि 'हर बोला हर हर महादेव' झालं की पुन्हा उसळतं.

हे सगळं खरं, पण वाजवणारा बहुतेक मांग किंवा महार आणि त्याची जागा देवळाच्या बाहेर. मोबदला म्हणजे मूठपसा धान्य, तेही मागून. बाबासाहेबांच्या चळवळीनं गावकीची, म्हणजे जातीनं लादलेली गावची, कामं सोडायला सांगितलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर अनेक घरांनी डफडं जे खुंटीला टांगलं ते कायमचं. कला बुडाली म्हणून हळहळणारे ही बाजू सोयीस्करपणे विसरतात. त्याच वस्त्यांत पुढे ढोलकी-पेटीवर भीमगीतं रंगली, ती मात्र स्वतःच्या मर्जीनं.

गडचिरोलीच्या माडिया-गोंड गावांत आणि मेळघाटच्या कोरकूंमध्ये मामला वेगळा. तिथे ढोल गावाचा, नाचणारं गावही तेच.

गावगाड्यातल्या खेड्यांत हे चित्र बदलायला मोठा हात लागला तो खंजिरीचा. लाकडी कडं, एका बाजूला ताणलेलं कातडं, कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. एवढंसं वाद्य, झोळीत मावणारं. ते विदर्भाच्या घराघरांत नेलं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी. जन्म १९०९चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. १९३५मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. १९४२च्या आंदोलनात चंद्रपूर जिल्ह्यातलं चिमूर पेटलं तेव्हा त्यांच्या भजनांचा धसका घेऊन इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेलाही ते जाऊन आले.

त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेत जातीपातीची वेगळी पंगत नव्हती. गुरुदेव सेवा मंडळं गावोगाव निघाली आणि कुणब्याचा, तेल्याचा, माळ्याचा पोरगा कातड्याचं वाद्य हातात घेऊन चारचौघांत बसू लागला. सोबत पेटी, ढोलक, टाळ. खंजिरी डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची. डाव्या बोटांनी कातड्यावर दाब कमीजास्त केला की सूर चढतो-उतरतो. शिकायला गुरूच्या घरी वर्षं काढावी लागत नाहीत, मंडळात मागच्या रांगेत बसलं तरी हात बसतो. महिलांची भजनी मंडळं यातूनच उभी राहिली आणि खंजिरी भजनाच्या स्पर्धा आजही रात्र-रात्र चालतात. अकोटचे सत्यपाल महाराज तर सात खंजिऱ्या समोर मांडून एकटेच वाजवतात आणि मधूनमधून हुंड्यावर, दारूवर, अंधश्रद्धेवर वऱ्हाडीत टोले हाणतात.

अलीकडे पुण्याकडच्या धर्तीची ढोल-ताशा पथकं इकडेही आलीत. दणका भारी असतो, पण बहुतेकांच्या कमरेला तेच ढोल. भजनी मंडळात किंवा झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, दंडार या लोकनाट्यात वाद्यं थोडी, पण प्रत्येकाचं काम निराळं, आणि एक जण चुकला तर लगेच कानाला लागतं. शाळांमध्ये हा मेळ बसवणाऱ्यांना डफडं शिकवायला माणूस शोधावा लागतो. मिळाला तर आता त्याला मानधन आणि बसायला खुर्ची द्यावी लागते, आणि ते रास्तच आहे.