आठवी नेमकी कुणाची? लालबाग-परळच्या शाळांची पार्श्वभूमी

दहावीचा निकाल लागला की लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, नायगाव या पट्ट्यातल्या शाळांचे टक्के शेजारी-शेजारी मांडले जातात. एका बाजूला महापालिकेच्या माध्यमिक शाळा, दुसऱ्या बाजूला अनुदानित हायस्कुलं. अनुदानित शाळा बऱ्या, असा निष्कर्ष बहुतेक वेळा निघतो. तो कुठे फसतो हे समजायचं तर आठवीच्या वर्गापाशी थांबावं लागतं.

मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात कर्तव्यांचे दोन प्रकार आहेत: बंधनकारक आणि ऐच्छिक. प्राथमिक शिक्षण पहिल्यात येतं, माध्यमिक तिथे नाही. 1925 मध्ये प्राथमिक शिक्षणाची सक्ती सुरू झाली ती एफ आणि जी वॉर्डांत, म्हणजे गिरणगावातच. पण सक्ती प्राथमिकपुरतीच होती. त्या काळी मराठी सातवी, म्हणजे ‘फायनल’, हाच मोठा टप्पा. फायनल झालेल्याला मास्तरकी मिळे. त्यामुळे पालिकेची शाळा सातवीला थांबते याचं कुणाला वावगं वाटलं नाही. पुढचं शिक्षण खाजगी संस्थांनी सरकारी अनुदानावर उचललं. पालिकेच्या माध्यमिक शाळा बऱ्याच उशिरा आल्या आणि संख्येने प्राथमिकच्या मानाने थोड्याच राहिल्या.

परिणाम असा, की मूल सात वर्षं पालिकेच्या शाळेत घडायचं, दाखला काढून आठवीला अनुदानित हायस्कुलात जायचं आणि दहावीला त्याचं नाव लागायचं त्या हायस्कुलाच्या फलकावर. ज्यांना तिथे प्रवेश मिळत नसे किंवा परवडत नसे, ती पालिकेच्या माध्यमिक शाळेत राहायची. मग टक्क्यांत फरक पडणारच. सात वर्षं अक्षरं गिरवून घेणाऱ्या बाईंचा वाटा त्या निकालात कुठेच दिसत नाही.

खरा गुंता झाला तो शिक्षण हक्क कायद्याने. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या या कायद्याने पहिली ते आठवीचं शिक्षण हक्काचं केलं; पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. महाराष्ट्रातली घडी वेगळी होती: चौथीपर्यंत एक शाळा, सातवीपर्यंत दुसरी आणि पाचवी किंवा आठवीपासून हायस्कूल. नव्या रचनेनुसार पाचवी आणि आठवी खालच्या शाळांना जोडायची म्हटल्यावर हायस्कुलांच्या पायाखालची जमीन सरकली. वर्ग गेला की पट जातो, पट गेला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची संख्या ठरवताना, पदं जातात आणि शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. शिक्षकांचा विरोध त्यातून आला, आणि तो पोटाचा प्रश्न होता. दुसरीकडे, वर्ग जोडायला खोल्या आणि विज्ञान-गणिताचे शिक्षक हवेत, तेही सगळीकडे नव्हते. 28 ऑगस्ट 2015 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि पटावरची ओढाताण आणखी वाढली.

आठवी सरसकट पालिकेच्या शाळांना द्यायला हवी होती आणि तिच्यामागून नववी-दहावीही, असं माझं ठाम मत आहे. गिरणी कामगाराच्या आणि आता घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाची शाळा सुटते ती बहुधा दाखला काढायच्या वेळीच. एका जिन्याने वर गेलं की पुढचा वर्ग, अशी शाळा असेल तर ते मूल टिकतं. प्रत्यक्षात आज एकाच भागात सातवीला संपणारी, आठवीला संपणारी, पाचवी ते दहावी आणि आठवी ते दहावी अशा सगळ्या तऱ्हांच्या शाळा नांदतात. सगळ्यांना एकाच मापाने मोजणं चूक आहे.

मापही स्थिर नाही. राज्याचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. 2019 मध्ये भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढले आणि तो 77.10 वर आला. गुण परत दिल्यावर 2020 मध्ये 95.30. मुलं तशीच, शिक्षक तेच. 2021 मध्ये परीक्षाच झाली नाही, निकाल 99.95. शिवाय नववीत कच्च्या ठरलेल्या मुलाला 17 नंबरचा फॉर्म भरायला लावला की तो खाजगी विद्यार्थी होतो आणि शाळेची टक्केवारी शाबूत राहते. शंभर टक्क्यांचा फलक वाचताना हे विसरू नये.

या सगळ्याखाली वस्तीच बदलत होती. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. कुटुंबं डोंबिवली, नालासोपाऱ्याकडे सरकली, काही कोकणात परतली. चाळींच्या जागी टॉवर आले, पण त्यांतली मुलं या शाळांत आली नाहीत. राहिलेल्यांनी इंग्रजी माध्यम धरलं. मराठी तुकड्या अनुदानित शाळांतही आटल्या, तेव्हा ज्या हायस्कुलांना एके काळी प्रवेश नाकारावे लागत, त्यांचेच शिक्षक पट टिकवण्यासाठी मे महिन्यात चाळींतून फिरू लागले.

दोन शाळांची तुलना करायचीच असेल तर मुख्याध्यापकांकडे आठवीचा हजेरीपट मागावा आणि त्यातली किती नावं दोन वर्षांनी दहावीच्या यादीत आहेत, ती मोजावीत.