गोऱ्या इव्हँजेलिकल चर्चचे राजकारण आणि करसवलतीचा वाद : पार्श्वभूमी

अमेरिकेतले गोरे इव्हँजेलिकल ख्रिस्ती, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणारे प्रोटेस्टंट, राजकारणात उतरले ते गर्भपाताच्या प्रश्नावर, असे सर्रास सांगितले जाते. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांच्यातल्या दहापैकी आठ मतदारांनी रिपब्लिकन उमेदवाराला मत दिले, तेव्हाही हेच कारण पुढे आले. गर्भपाताला घटनात्मक संरक्षण देणारा निकाल १९७३ चा (२०२२ मध्ये तो रद्द झाला). पण १९७१ मध्ये दक्षिणेतल्या बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या सर्वांत मोठ्या संघाने सेंट लुईसच्या अधिवेशनात ठराव केला होता की बलात्कार, गर्भातील गंभीर दोष किंवा आईच्या प्रकृतीला धोका अशा परिस्थितीत गर्भपाताला कायद्याने मुभा असावी. म्हणजे सुरुवात दुसरीकडे शोधायला हवी, आणि माझ्या मते ती प्राप्तिकर खात्याच्या दारात सापडते.

हा बाप्टिस्ट संघ जन्मला तोच गुलामगिरीच्या भांडणातून. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमायचे की नाही यावरून उत्तरेशी फाटले आणि १८४५ साली जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी दक्षिणेने वेगळी चूल मांडली. मेथडिस्ट हा दुसरा प्रोटेस्टंट पंथ याच प्रश्नावर आदल्याच वर्षी फुटला होता. गुलामगिरीच्या समर्थनाला बायबलमधला ‘हामचा शाप’ हाताशी होताच : नोहाचा मुलगा हाम शापित, कृष्णवर्णीय त्याचे वंशज, म्हणून गुलामी त्यांच्या नशिबी, असा तो युक्तिवाद. मूळ वचनात नोहा शाप देतो तो हामच्या मुलाला, कनानला. हामला नाही, आणि कातडीच्या रंगाचा तर तिथे उल्लेखही नाही. तरी ही वंशावळ पुढे शंभरावर वर्षे पुरली.

शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा निकाल दक्षिणेत खऱ्या अर्थाने अमलात यायला दीड दशक गेले. तो आला तेव्हा गोऱ्या पालकांनी मुलांसाठी खासगी शाळा काढल्या, त्यांतल्या कितीतरी चर्चच्या आश्रयाने. मिसिसिपीतल्या होम्स काउंटीत तर दोन वर्षांत सरकारी शाळांमध्ये एकही गोरे मूल उरले नाही. तिथल्या कृष्णवर्णीय पालकांनी कोर्टात विचारले, की आमच्या मुलांना दार बंद करणाऱ्या शाळांना धर्मादाय संस्था म्हणून करसवलत कशी मिळते? १९७१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

खरा वाद पेटला तो साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलच्या एका ख्रिस्ती विद्यापीठावरून. १९७१ पर्यंत तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. मग फक्त विवाहितांना मिळू लागला. १९७५ मध्ये अविवाहितांनाही, पण वेगळ्या वंशाच्या व्यक्तीशी प्रेमसंबंध ठेवल्यास हकालपट्टी, असा नियम करून. १९७६ मध्ये प्राप्तिकर खात्याने सवलत काढून घेतली, तीही डिसेंबर १९७० पासून मागे जाऊन लागू केली. संस्थेचे म्हणणे, हा आमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. खात्याचे म्हणणे साधे होते. श्रद्धा तुमची, ती कोणी काढून घेत नाही. पण करसवलत ही इतर करदात्यांच्या खिशातून जाते, आणि त्यांत कृष्णवर्णीय करदातेही आहेत.

१९७८ मध्ये खात्याने अशा सर्वच खासगी शाळांसाठी कडक नियमांचा मसुदा काढला. विरोधाच्या पत्रांचा पाऊस पडला आणि पुढच्याच वर्षी संसदेने पैसे अडवून तो मसुदा मारला. त्याच १९७९ मध्ये व्हर्जिनियातल्या एका प्रवचनकाराने, ज्याची स्वतःची शाळा १९६७ मधली, नैतिकतेच्या नावाने राजकीय संघटना उभी केली. ती उभारण्यात हात असलेल्या एका संघटकाने पुढे उघड सांगितले, की लोकांना पेटवले ते शाळांवरच्या कारवाईने, गर्भपाताने नव्हे. काही इतिहासकारांना हे एकांगी वाटते. गर्भपातविरोध आधीपासून मुरत होता, असे ते म्हणतात. मुरत असेलही. पण संघटना, पैसा आणि वकील आधी धावले ते कोणासाठी, हे तारखाच सांगतात.

विद्यापीठाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला होता. जानेवारी १९८२ मध्ये रेगन यांच्या नव्या सरकारने बाजू बदलून सवलत परत द्यायचे ठरवले. तेव्हा खात्याची मूळ भूमिका मांडायला सर्वोच्च न्यायालयाला स्वतः वकील नेमावा लागला, आणि तो कृष्णवर्णीय होता. सोबत नॉर्थ कॅरोलिनातल्या एका शाळेचाही खटला होता. तिचा दावा होता, की वंश ठरतो तो नोहाच्या तीन मुलांवरून. हामची वंशावळ अशी विसाव्या शतकाच्या शेवटच्या पर्वात न्यायालयात हजर झाली. २४ मे १९८३ रोजी आठ विरुद्ध एक मतांनी दोन्ही संस्था हरल्या. विद्यापीठाने प्रेमसंबंधांवरची बंदी उठवली ती थेट मार्च २००० मध्ये.

बाप्टिस्ट संघाने १९९५ मध्ये दीडशेव्या वर्षी माफी मागितली. त्या ठरावात ‘वैयक्तिक आणि व्यवस्थागत’ वंशवाद असे शब्द होते. या परंपरेत पाप राहते ते माणसाच्या हृदयात, म्हणून दुसरा शब्द मोलाचा. पण नोव्हेंबर २०२० मध्ये याच संघाच्या सहाही सेमिनरींच्या (पाळक घडवणाऱ्या धर्मविद्यालयांच्या) अध्यक्षांनी, वंशवाद व्यवस्थेत शोधणारा सिद्धान्त आपल्या श्रद्धेशी विसंगत असल्याचे जाहीर केले. काही कृष्णवर्णीय पाळक संघ सोडून गेले.

त्या सहांतली सर्वांत जुनी सेमिनरी १८५९ मध्ये याच ग्रीनव्हिलमध्ये सुरू झाली आणि नंतर केंटकीतल्या लुईव्हिलला गेली. डिसेंबर २०१८ मध्ये तिने स्वतःचा अहवाल छापला. चारही संस्थापकांकडे मिळून पन्नासहून अधिक गुलाम होते. १८८० मध्ये संस्था बुडता बुडता वाचली ती ५०,००० डॉलरच्या एका देणगीने, आणि देणगीदाराने संपत्ती कमावली होती भाड्याने घेतलेल्या, बहुतांशी कृष्णवर्णीय कैद्यांच्या श्रमावर. अहवालानंतर लुईव्हिलमधल्या काही पाळकांनी विनंती केली, की शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या कॉलेजला तुमच्या निधीतला काही वाटा द्या. २०१९ मध्ये सेमिनरीने नकार कळवला.