शंका येते कुठून? मंत्रचळावरच्या उपचारांची पार्श्वभूमी

जळगावच्या सराफ बाजारात रात्री शटर ओढल्यावर कुलपाला एक हिसका देऊन बघणारा दुकानदार सावध असतो, आजारी नसतो. पण तोच माणूस जेवता जेवता ताटावरून उठतो, गाडी काढतो, कुलूप बघून परत येतो आणि अंथरुणाला पाठ टेकताच पुन्हा तीच शंका. बायको सांगते, ‘लायेल शे ना कुलूप!’ मुलगा मोबाइलमधला फोटो दाखवतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मग हा फोटो आजचाच का, इथून नव्याने सुरुवात होते. चोपडा-रावेरकडे हेच विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरबद्दल होऊ शकतं, कापूसपट्ट्यात फवारणीनंतर धुतलेल्या हातांबद्दल, आणि कुठल्याही घरात विटाळाबद्दल. कानबाईच्या रोटांना सोवळं लागतं, ते पाळणारी बाई आजारी नसते. सण सरला की तिचं सोवळंही सुटतं. मंत्रचळात ते सुटत नाही.

या आजाराला दवाखान्यात ओसीडी (ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणतात. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये त्याचं प्रमाण ०.८ टक्क्यांच्या आसपास निघालं, म्हणजे हजारात साधारण आठ. पुरावा डोळ्यांसमोर असताना शंका टिकते कशी, हा यातला खरा प्रश्न. उपचार करणारे त्याच्याकडे फार उशिरा वळले.

वर्णनं मात्र जुनी आहेत. फ्रेंच वैद्य एस्किरोल यांनी १८३८मध्ये एका व्यापारी घरातल्या बाईची हकिकत लिहिली. मावशीच्या घरून निघताना तिला भीती वाटे, की आपल्या खिशातून मावशीची एखादी वस्तू तर आली नाही ना. पुढे हिशेबात आपल्याकडून गिऱ्हाइकाचं नुकसान होईल, ही धास्ती लागली. आपण करतो ते विचित्र आहे, हे तिला कळत होतं, आणि कळूनही थांबता येत नव्हतं. पेढीवर बसणाऱ्या खानदेशी माणसाला ही बाई परकी वाटू नये. १८७५मध्ये लग्राँ द्यु सोल यांनी या आजारावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि त्याला शंकेचं वेड म्हटलं. फ्रेंचांनी तेव्हाच मर्मावर बोट ठेवलं होतं, असं मला वाटतं. पुढच्या काळात ते बोट बाजूला सरकलं. फ्रॉइड यांनी १९०९मध्ये एका रुग्णाची प्रसिद्ध मांडणी केली, तेव्हा भर दडपलेल्या इच्छांवर गेला. त्या वाटेने हात धुणं फारसं कोणाचं थांबलं नाही.

थांबवलं ते व्हिक्टर मेयर यांनी. १९६६मध्ये लंडनमध्ये त्यांनी दोन रुग्णांवरच्या उपचारांचं निवेदन छापलं. ज्याची भीती वाटते त्याला सामोरं जायचं आणि नंतरचा विधी, म्हणजे धुणं किंवा तपासणं, करायचा नाही. सततच्या देखरेखीखाली हे केलं गेलं आणि दोघांमध्येही मोठी सुधारणा झाली. (नुसतं पाणी तोडून हे साधत नाही. उन्हाळ्यात नळाची दिवसेंदिवस वाट बघणाऱ्या आपल्या गावांतही मंत्रचळ असलेला माणूस पिण्याच्या पिंपातून हात धुतोच.) आजही सर्वात जास्त पुरावा याच पद्धतीच्या बाजूने आहे. अडचण एवढीच, की ती अवघड आहे. काही जण घाबरून सुरूच करत नाहीत, काही मध्येच सोडतात.

औषधांची वाट साधारण याच काळात उघडली. क्लोमिप्रामिनचा उपयोग साठच्या दशकात लक्षात आला, अमेरिकेत ओसीडीसाठी त्याला मान्यता मिळायला १९८९ उजाडलं.

मग विचारांकडे लक्ष गेलं. १९७८मध्ये रॅचमन आणि डी सिल्वा यांनी दाखवलं, की नको ते विचार निरोगी माणसांच्या मनातही येतात. १९८५मध्ये सालकोव्हस्किस यांनी पुढचा दुवा जोडला. विचार सगळ्यांनाच येतो, पण ‘काही झालं तर दोष माझाच’ ही अवास्तव जबाबदारी त्याला आजार बनवते. म्हणजे उपचार कशावर करायचा, तर विचाराला दिलेल्या अर्थावर.

मॉन्ट्रियलमध्ये काम करणारे किरन ओ’कॉनर यांना हे पुरेसं वाटलं नाही. १९९५मध्ये सोफी रोबिलार यांच्यासोबत त्यांनी मांडलं, की ‘कुलूप उघडं राहिलं असेल’ हा विचार आकाशातून पडत नाही. तो एक निष्कर्ष असतो, आणि निष्कर्ष काढण्याची रीतच चुकलेली असते. माणूस डोळ्यांना दिसलेलं, हाताला लागलेलं बाजूला ठेवतो आणि ‘असंही असू शकतं’ याला पुरावा मानतो. फवारणीचंच घ्या. औषध विषारी असतं, हे खरं. मागे यवतमाळकडे फवारणीत माणसं दगावली, हेही खरं. काही विषं डोळ्यांना दिसत नाहीत, तेही खरं. या तीन खऱ्या गोष्टींची साखळी जोडून ‘म्हणून दोनदा साबणाने धुतलेल्या माझ्या या हातांवर आत्ता औषध आहे’ इथे पोहोचायचं. साखळीतली एकही कडी त्या हातांबद्दल काहीच सांगत नाही. पण गोष्ट इतकी पटणारी असते, की ती ऐकता ऐकता माणूस तिच्यात राहायला जातो.

इथे अमळनेरची आठवण अटळ आहे. प्रताप शेठ यांच्या पुढाकारातून १९१६मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. आपल्या तत्त्वज्ञानातल्या तर्काच्या परंपरेने, न्यायदर्शनाने, संशयाला सोळा पदार्थांत म्हणजे विचाराच्या मूळ विषयांत स्थान दिलं आहे. त्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे संधिप्रकाशात दूर काहीतरी उभं दिसतं: खांब की माणूस? संशय येतो, कारण उंची दिसलेली असते. जवळ जाऊन हातपाय दिसले, की तो मिटतो. मॉन्ट्रियलचा धागा न्यायसूत्रांपर्यंत जातो, असं मला म्हणायचं नाही. पण फरक यावरून लख्ख दिसतो. मंत्रचळातल्या शंकेला दूरवर उभं असलेलं काहीच लागत नाही, म्हणून जवळ जाऊन बघण्यानेही ती मिटत नाही. बायकोने सांगणं, फोटो दाखवणं, चौथ्यांदा कुलूप ओढणं हे सारं त्या शंकेला खरी मानून दिलेलं उत्तर असतं.

ओ’कॉनर आणि फ्रेडरिक आर्डेमा यांनी पुढे याची उपचारपद्धती बांधली. त्यात रुग्णाला कुलपाची खात्री दिली जात नाही. शंका आली, त्या क्षणी समोर कोणता पुरावा होता, हे विचारलं जातं. वास्तव सोडून कल्पनेत पाऊल कुठे पडलं, ती जागा शोधायची. याच गोष्टीत आपण का अडकतो, याचाही माग काढायचा. बहुतेकदा ‘मी मुळात निष्काळजी माणूस आहे’ असली स्वतःबद्दलची भीती तळाशी निघते. तो सराफ पैशांच्या हिशेबात शंका घेत नाही, नोटा एकदाच मोजतो. कुलपापाशीच त्याचे डोळे खोटे कसे ठरतात? ही विसंगती त्याची त्याला दिसू लागली, की कुलूप एकदा बघून, त्या बघण्यावर विश्वास ठेवून निघायचा सराव.

ही पद्धत जुन्या पद्धतीला हरवते, असं मात्र म्हणता येत नाही. २०१५मध्ये नेदरलँड्समध्ये, आपली भीती खरीच आहे असं ठामपणे मानणाऱ्या ९० रुग्णांवर चाचणी झाली. एका गटाला नवी पद्धत दिली, दुसऱ्याला प्रचलित. दोन्ही गटांत सुधारणा झाली. भीती अवास्तव आहे याची जाण ज्यांना सर्वात कमी होती, त्यांना नवी पद्धत अधिक उपयोगी पडली. भीतीला सामोरं जायला जो तयारच नाही, त्याच्यासाठी हा दुसरा दरवाजा आहे, इतपत बोलावं.

खानदेशात हा दरवाजा शोधायचा कुठे? राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत, आपल्याकडे एकही नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. निदान आणि औषधांची सुरुवात तिथल्या मानसोपचार विभागात विचारून करता येते. बोलण्याच्या उपचाराला मात्र दर आठवड्याचा तासभर आणि प्रशिक्षित माणूस लागतो. शहाद्यापलीकडून एसटीने येणाऱ्याला दर आठवड्याचा तो तासही जड जातो. २०२२पासून सुरू असलेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. पूर्ण उपचार त्यावर होत नाहीत, पण कुठे जावं हे विचारता येतं. घरच्यांनीही तो फोन करायला हरकत नाही, कारण रोज रात्री ‘लायेल शे ना’ म्हणण्याऐवजी काय म्हणावं, हे त्यांनाही कोणीतरी शिकवावं लागतं.